तीस सेकंद आणि पाचशेचा स्टॅम्प

२००३ साली आम्ही चौघांनी उसनवारी करून पुण्यातल्या एका स्टुडिओत सहा गाणी रेकॉर्ड केली. सोलापूरला हुतात्मा स्मृती मंदिरात दोन कार्यक्रम झाले आणि बँडची हवा तिथंच संपली. उरलेल्या सीडी बेसवाल्याच्या माळ्यावर. तो आता बँकेत आहे, गिटारवाल्याचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना, ड्रमर हैदराबादला, मी क्लास घेतो. सणासुदीला जमलो की अजून वाजवतो, कमरेला पट्टा बांधून.

गेल्या वर्षी एका मोठ्या रंगाच्या कंपनीच्या जाहिरातवाल्यांचा फोन आला. बंद गिरणीच्या भोंग्यावरचं आमचं गाणं त्यांना तीस सेकंदांसाठी हवं होतं. ड्रमर फोनवरच उखडला, "काय बे, डबे विकायला गाणं?" तरुणपणी आम्ही सगळेच असं बोलायचो. पण विंडोज ९५ साठी रोलिंग स्टोन्सनी गाणं दिलं, २००७ मध्ये विल्को या अमेरिकन बँडनं फोक्सवॅगनला गाणी दिली. त्यांचे चाहते चिडले म्हणे. आमचे चाहते जेमतेम चाळीस, त्यातले निम्मे पाहुणे. वाद दोन चहांत मिटला.

खरा घोळ पुढं होता. गाणं कुणाचं? शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग, तिन्हींचे हक्क वेगळे. स्टुडिओची पावती गिटारवाल्याच्या जुन्या चोपडीत सापडली, ओल लागलेली, पण तारीख वाचता येत होती. शब्द मात्र आमच्या मित्राचे, आणि तो २०१६ ला गेला. लिहिणाऱ्याच्या मागे ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतो. म्हणजे वहिनींची सही हवी.

विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, गेलो तेव्हा त्या मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. हात थांबले नाहीत.

"अण्णा, गुटख्याची कंपनी नाही ना?"

"नाही वहिनी, रंगाची."

"शब्द तेच राहतील?"

इथं मी अडकलो. जाहिरातवाल्यांना 'भोंगा' उदास वाटत होता, त्याजागी 'सनई' टाकू म्हणत होते. खरं ते सांगितलं. त्यांनी विडीला दोरा गुंडाळला, तोडला, विडी सुपात टाकली. "मग नको."

त्यांनी नुसतं 'नको' म्हटलं होतं. वकिलांनी सांगितलं की कायदाही त्यांच्याच बाजूचा आहे. हक्क विकला तरी रचनेची मोडतोड झाली तर लेखकाला, त्याच्यामागे वारसाला, हरकत घेता येते. कंपनीच्या मसुद्यात 'कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत' असं होतं. वकिलांनी लाल पेनानं ते खोडून एक वर्ष, भारत, टीव्ही आणि इंटरनेट एवढंच ठेवलं. मुदत लिहायची राहिली तर कायदा पाच वर्षं धरतो, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. वाटे पाच, मित्राचा धरून. तीन महिने ईमेल चालले. शेवटी पाचशेच्या स्टॅम्पवर सह्या झाल्या, 'भोंगा' राहिला. पैसे टीडीएस कापून आले.

जाहिरात लागली तेव्हा मोबाईल घेऊन वहिनींकडे गेलो. कंपनीनं शेवटी निवडला होता तो सुरुवातीचा गिटारचा तुकडा. वहिनींनी दोनदा पाहिलं.

"ह्यात त्यांचे शब्द कुठायत?"

"शब्द ह्याच्यानंतर सुरू होतात, वहिनी."

त्यांनी मोबाईल परत दिला. "मग पुढचं लाव."