क्रॉसिंग

परतूर सोडून फार वेळ झाला नव्हता, तोच सातोन्याला आमची पॅसेंजर मुख्य रूळ सोडून बाजूच्या रुळावर गेली आणि थांबली. चैत्रातली दुपार होती, पंखे डोक्यावर कुरकुरत गरम वारा खाली लोटत होते आणि खिडकीबाहेर पऱ्हाट्या उपटून मोकळी झालेली काळी रानं दूरवर पसरली होती. गाडी अवेळी थांबली की डब्यात जी चुळबूळ होते ती झाली. दोघातिघांनी माना बाहेर काढल्या, एका बाईंनी लेकराला उगाचच दटावले. इतक्यात फलाटावरच्या नळावर बाटली भरून परतलेल्या एका पागोटेवाल्या बाबांनी "क्रॉसिंग हाय" एवढेच शब्द दारातून आत टाकले आणि डबा निवांत झाला. पिशव्यांची तोंडे सुटली, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बाहेर आली, अर्धवट राहिलेले लग्नाचे बोलणे पुढे सुरू झाले.

बाबांच्या त्या शब्दांनी आमचा उशीर एका मिनिटानेही कमी झाला नव्हता. समोरून गाडी येणार, ती गेल्याशिवाय आपण हलणार नाही, आणि ती कधी येईल हे आपल्या हातात नाही, एवढेच सगळ्यांना कळले होते. थांबण्याचा जो काही जाच होतो, त्यातला मोठा वाटा कारण न कळण्याचा असावा, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. मात्र कारण कळण्यालाही एक मर्यादा हवी. गाडीत बसल्यावर ती कुठवर आली हे मोबाइलवर पाहायचे नाही, असा माझा जुना हट्ट आहे आणि घरात त्याची यथेच्छ थट्टा होते. त्या दुपारी माझ्यासमोर बसलेला तरुण मात्र येणारी एक्सप्रेस मोबाइलवर पाहत होता आणि "मानवत रोड सोडलं", "आता ढेंगळी पिंपळगाव", "अजून सेलूलाच उभी हाय" असे वृत्तान्त देत होता. डब्यात सर्वांत जास्त माहिती त्याच्याकडे होती आणि सर्वांत जास्त पाय तोच हलवीत होता.

लहानपणी आम्हाला क्रॉसिंगचा कंटाळा कधी आला नाही, कारण ते आमच्यासाठी प्रेक्षणीय होते. मामांचे घर स्टेशनाला लागून होते आणि सुटीतल्या दुपारी आम्ही मुले लिंबाच्या सावलीत त्यासाठीच जाऊन बसत असू. मार्ग एकेरी, त्यामुळे दोन स्टेशनांच्या मधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, आणि तिच्या चालकाजवळ त्या टप्प्याचे टोकन असल्याखेरीज तिने पुढे जायचे नाही, असा नियम होता. टोकन म्हणजे मुठीत मावेल असा लोखंडी गोळा. स्टेशनमास्तरांच्या खोलीत त्याचे यंत्र होते. मास्तर घंटी वाजवून पुढच्या स्टेशनाला विचारीत, तिकडून संमतीची घंटी येई, आणि मगच दांडा फिरवल्यावर गोळा खडखडत खाली येई. एक गोळा बाहेर असेतोवर दोन्हीकडच्या यंत्रांतून दुसरा निघत नसे, मग मास्तरांनी कितीही जोर लावला तरी नाही. हा गोळा चामड्याच्या पिशवीत घालीत आणि ती पिशवी एका मोठ्या कडीला अडकवीत. न थांबणारी गाडी आली की पॉइंट्समन ती कडी उंच धरून फलाटाच्या कडेला उभा राही. इंजिनातला माणूस बाहेर झुकून आधी जुनी कडी फलाटावर फेकी आणि त्याच दमात नव्या कडीत हात घालून ती उचलून नेई. धूळ बसल्यावर पॉइंट्समन खाली पडलेली कडी शोधायला निघे, आणि ती आपल्याला सापडावी म्हणून आम्ही त्याच्या पुढे धावत असू.

त्या काळी गाडी उभी राहिली की चालक खाली उतरून विडी ओढत बसे. टोकन दुसऱ्या गाडीकडे आहे हे त्याला माहीत असे. चालक खाली उतरला म्हणजे आपणही उतरायला हरकत नाही, हे प्रवासीही जाणून होते.

आमच्या भागात शांतीचा विषय निघाला की बोलणे फिरून फिरून पैठणला जाते. गोदावरीत स्नान करून परतणाऱ्या एकनाथांवर एक जण थुंकतो, नाथ पुन्हा स्नानाला जातात, आणि असे १०८ वेळा घडले तरी त्यांचा तोल जात नाही, ही कथा मराठवाड्यातल्या प्रत्येक चिडक्या मुलाने कोणाच्या तरी मांडीवर बसून ऐकलेली असते. मीही ऐकली आहे. माझ्यावर तिचा फारसा परिणाम झाला नाही, कारण नाथांना राग आवरायचा होता तो समोर उभ्या असलेल्या माणसाचा. पॅसेंजरमधल्या माणसासमोर रागवायला कोणीच नसते. त्याची गाडी थांबवण्याचा निर्णय कुठल्यातरी नियंत्रण कक्षात झालेला असतो आणि एक्सप्रेसला आधी वाट द्यायची हे त्याच्या जन्माआधीपासून ठरलेले असते. अशा जागी शांत राहायला संतपण लागत नाही, सवय पुरते.

या सवयीचे कौतुक करताना हात जरा आखडता घ्यावासा वाटतो. मनमाड ते औरंगाबाद हा निजामाच्या काळातला लोहमार्ग मीटरगेज होता. रुळांतले अंतर एक मीटर, तर मनमाडहून मुंबईकडे जाणाऱ्या ब्रॉडगेजचे १.६७६ मीटर. त्यामुळे मुंबईला निघालेला मराठवाड्याचा माणूस मनमाडला उतरे, सामान उचलून दुसऱ्या गाडीत चढे आणि हे असेच असते असे समजून पुन्हा झोपी जाई. कित्येक पिढ्या तसेच समजल्या. गोविंदभाई श्रॉफ तसे समजले नाहीत. हैदराबाद मुक्तिसंग्रामातून आलेल्या या माणसाने मराठवाडा जनता विकास परिषदेच्या माध्यमातून रुंदीकरणाची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली आणि १९९० नंतरच्या दशकात मनमाडला गाडी बदलणे संपले. सगळेच चटणी-भाकरी सोडून निवांत बसले असते, तर मी आजही मनमाडच्या फलाटावर वळकटी घेऊन उभा असतो. बसल्या गाडीत चिडून उपयोग नाही हे खरे, पण रुळांबद्दल शांत राहा असे बाबांनी काही सांगितले नव्हते.

पुढे परभणीपासून मुदखेडपर्यंतचा मार्ग दुहेरी झाला आहे. तिथे समोरची गाडी शेजारून निघून जाते, आणि भाकरीची गाठ सोडेपर्यंत माणसाचे स्टेशन येते. इकडचे काम झाले की सातोन्याचे क्रॉसिंगही जाईल, आणि मग त्याच्या आठवणी काढून गहिवरणारे लेख येतील. कदाचित त्यांतला एखादा मीच लिहीन. मला मात्र दुसरा रूळ हवा आहे आणि तो लवकर हवा आहे.