पाठीवरचा लाल पट्टा

आज कायरोप्रॅक्टरकडे (हाताने मणक्यावर दाब देऊन उपचार करणाऱ्यांकडे) मणक्याचे स्कॅन झाले. पाठीवरून एक छोटं यंत्र मानेपासून कंबरेपर्यंत फिरवलं आणि स्क्रीनवर हिरवे, पिवळे, लाल पट्टे उमटले. लाल दिसलं की पोटात गोळा येतोच!

मग खोदून खोदून विचारलं. एक स्कॅन थर्मल, म्हणजे मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या त्वचेच्या तापमानातला फरक. दुसरा सरफेस ईएमजी, म्हणजे स्नायूंमधले विद्युत संकेत. थोडक्यात, मणका किंवा नस यातल्या कशातच थेट दिसत नाही. हाडांसाठी एक्स-रे, चकती (मणक्यांमधली गादी) आणि नसांसाठी एमआरआय. अंग आखडून बसलं तरी ईएमजीचे आकडे बदलतात (आणि लाल पट्टा बघून कोण सैल बसेल?).

घरी येऊन वाचत बसले. कायरोप्रॅक्टिक आणि एक्स-रे दोघांचाही जन्म १८९५चा. तापमान मोजणारं ‘न्यूरोकॅलोमीटर’ कायरोप्रॅक्टिकच्या संस्थापकांचे पुत्र बी. जे. पामर यांनी १९२४ मध्येच आणलं होतं, म्हणजे ही कल्पना जुनीच. आणखी एक गोष्ट डोक्यात बसली. २०१५च्या एका मोठ्या आढाव्यात, पाठ अजिबात दुखत नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या एमआरआयसारख्या स्कॅनमध्येही चकतीची झीज दिसली. ऐंशीच्या वयात तर ९६ टक्के!

कायरोप्रॅक्टरने सुचवलेल्या एक्स-रेला तूर्त नाही म्हटलं. ताप, कारण नसताना घटलेलं वजन, मोठा मार, पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं यातलं काही असतं तर सरळ डॉक्टर गाठले असते. व्यायाम मात्र छान दाखवले, ते सुरू केलेत.