आमची वाटचाल : पुलगावच्या दोन खोल्या आणि भरतीचे पेपर

फौजेच्या भरतीची तयारी करणाऱ्या पोराचा स्वभाव कसा आहे, तो जीडीत म्हणजे जनरल ड्यूटीत रमेल, क्लर्कमध्ये, टेक्निकलला की ट्रेड्समनमध्ये, हे सांगणारे पेपर आम्ही बनवतो. आमचं गिऱ्हाईक म्हणजे भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडम्या. सेनेच्या स्वतःच्या मानसशास्त्रीय चाचण्या हे दिल्लीच्या डीआयपीआर या संरक्षण खात्याच्या मानसशास्त्र संस्थेचं काम. त्याच्याशी आमचा संबंध नाही आणि तसं आम्ही कधी कुणाला भासवलंही नाही.

मी स्वतः भोपाळच्या एसएसबीतून, म्हणजे अफसर निवडीच्या बोर्डातून, निवड न होता परत आलेला माणूस. वर्ड असोसिएशन म्हणजे शब्द दिसला की वाक्य लिहायची चाचणी. तिला ६० शब्द, एकेकाला १५ सेकंद. शब्द इंग्रजीत, मनात येणारं वाक्य मराठीत; ते फिरवून लिहीपर्यंत पुढचा शब्द पडद्यावर. १९१७ साली अमेरिकेच्या फौजेने रंगरुटांसाठी आर्मी अल्फा काढली, तेव्हा इंग्रजी वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांची आर्मी बीटाही सोबत काढली होती. नागपूरला एम.ए. करताना हे वाचलं तेव्हा झोप उडाली होती. आपल्या पोरांना आपल्या बोलीत पेपर का नको? २०१२ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला दोन खोल्या घेतल्या.

सुरुवातीला बाहेरच्या प्रश्नावल्यांचं भाषांतर केलं आणि हात पोळले. ‘मला पार्टी आवडते’ या विधानाला एकाने पक्षाचं नाव लिहिलं, दुसऱ्याने वावरातलं मटण. मग विधानं इथलीच लिहिली. ‘रात्री एकट्याने ओलित करायला जायचं मला काही वाटत नाही.’ लाइन रात्रीची असते, वावरात रानडुकरं असतात. धीर मोजायला याहून चांगलं विधान कुठलं, असं वाटलं. तपासलं तेव्हा कळलं की ते धीर नाही, विहीर मोजतंय. कोरडवाहूवाल्या पोराला ओलिताचा प्रश्नच नाही. काळजावर दगड ठेवून ते काढलं. १४० विधानांतली ६२ उरली. नवीन कुणी या धंद्यात येत असेल तर सांगून ठेवतो, एका विधानामागे निदान पाच ते दहा पोरं तपासा, आणि मधला ‘सांगता येत नाही’ हा पर्याय ठेवू नका. आपली पोरं भिडेपोटी तिथेच टिक करतात.

तपासणी आजही हातानेच. जाड पुठ्ठ्याचा स्टेन्सिल, चामड्याला भोकं पाडायच्या पंचने पाडलेली छिद्रं. उत्तरपत्रिकेवर ठेवला की छिद्रातून दिसतील तेवढ्या टिका मोजायच्या. उत्तरपत्रिका आपोआप तपासणाऱ्या ओएमआर मशीनचे कोटेशन दोनदा आले, घेतले नाही.

मधली वर्षं बरी गेली. कोरोनात दोन वर्षं भरती बंद होती, तीही काढली. जून २०२२ मध्ये चार वर्षांच्या नोकरीची अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी २५ टक्केच पुढे राहणार म्हटल्यावर आमच्या रिपोर्टला ‘परतल्यावर काय’ असं नवं पान जोडलं. २०२३ पासून ऑनलाइन लेखी परीक्षा मैदानी चाचणीच्या आधी झाली. मग भरतीत अडॅप्टॅबिलिटी टेस्ट, म्हणजे पोरगं फौजेत जुळवून घेईल का हे पाहणारी चाचणी, आली आणि तिथूनच आमचं नशीब फिरलं.

शहरातल्या एकाने ‘हमखास उत्तरं’ म्हणून पुस्तिका काढली. अकॅडमी चालवणाऱ्या सुभेदार साहेबांची ४६ पोरांची बॅच त्या रविवारी आमच्याकडे होती. आमच्या पेपरात आठ विधानं खोटेपणा पकडायला असतात, ‘मी आजवर कुणाचा राग धरला नाही’ अशी. सगळ्याला हो म्हणणारा माणूस जन्माला आलेला नाही. पहिल्या पेपरवर स्टेन्सिल ठेवला, आठही छिद्रांत टीक. दुसऱ्यावर तेच. दहाव्या पेपरला माझे हात थंड पडले.

पुस्तिका मागवली. आमचीच ६२ विधानं, क्रमसुद्धा तोच. आमच्याकडे २७ नंबर चुकून दोनदा छापला गेला होता, तिथेही २७ दोनदा. भेटायला गेलो तर त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, ‘विधानांवर कुणाची मालकी असते का?’ हे वाक्य आजही टोचतं. सहा महिन्यांत १९ अकॅडम्यांतल्या चार उरल्या. कॉम्प्युटर विकला, एक खोली सोडली.

सुभेदार साहेब फौजेच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्समधून निवृत्त, कामठीला ट्रेनिंग झालेले, आमचे पहिले गिऱ्हाईक. ते पेपरचा गठ्ठा घेऊन बसले आणि म्हणाले, ‘सर, पोट्टे खोटे नाई हाय. त्याईले कोनं तरी पाठ करून धाडलं.’ दुसऱ्या दिवशी पुढच्या दोन बॅचचे पैसे आगाऊ ठेवून गेले. पावतीही मागितली नाही.

त्या पैशावर नवा पेपर लिहिला. आता समांतर तीन संच आहेत, प्रश्नपुस्तिका मोजून देतो, मोजून परत घेतो, स्टेन्सिल कुलपात. अकॅडमीवाल्यांना एवढंच सांगेन की पोरांना उत्तरं पाठ करवू नका. क्लर्कच्या स्वभावाचं पोरगं घोकून जीडीत गेलं तर चार वर्षं त्यालाच काढायची आहेत. आणि आमचा रिपोर्ट दाखवून कुणाला अकॅडमीतून काढूही नका, तो त्यासाठी नाही.

आज ११ अकॅडम्या आहेत. ती पुस्तिका अजून विकली जाते. गेल्या महिन्यात एका पोराच्या बॅगेत दिसली. उघडून पाहिली, २७ अजून दोनदाच आहे.