झिर्कोनिया ब्लेड अपडेट: टवके का उडत होते ते सापडलं एकदाचं

डेंटल लॅबच्या झिर्कोनिया (दाताच्या टोप्यांचं सिरॅमिक) भंगारापासून सुरीची ब्लेड बनवतोय. मागच्या वेळी रडगाणं गायलो होतो ना, लिंबू कापताना मध्ये बी आली की धारेचा टवका उडतो म्हणून, तर त्यानंतर धारेचा कोन वाढवून बघितला, डायमंड पेस्ट बदलली, हात हलका केला, ढिम्म फरक नाही. आणि डोकं फिरवणारा प्रकार म्हणजे त्याच पिशवीतल्या तुकड्याचं एक ब्लेड मस्त टिकलंय, दुसरं लगेच गेलं.

परवा वैतागून दोन्ही मोबाईलच्या टॉर्चवर धरली. एक दुधी, जेमतेम उजेड. दुसऱ्यातून मागच्या बोटाची कड दिसतेय! म्हणजे लॅबवाल्याने दिलेल्या भंगारात 3वाय आणि 5वाय अशा दोन जातींच्या डिस्कचे तुकडे एकत्र. भट्टीत भाजायच्या आधी दोन्ही खडूसारखे पांढरे, ओळखणार कसं? पिशवीवर चिठ्ठी चिकटवायला काय जातं यांचं.

3वायमध्ये इट्रिया (यट्रियम ऑक्साइड) 3 मोल टक्के, त्यामुळे दाणे टेट्रागोनल या स्फटिकरूपात अडकून बसतात, चीर आली की तिच्या टोकाजवळचे मोनोक्लिनिक या दुसऱ्या रूपात जातात, साधारण 4 टक्के फुगतात आणि चिरेला दाबून धरतात. 5वायमध्ये क्युबिक स्फटिकांचा भाग भरपूर, तो असा बदलत नाही, म्हणून उजेड छान सोडतो पण चीर सुसाट जाते. पुढच्या दातांना झकास, धारेला बेकार.

बाकी भट्टी मात्र खूश करतेय. 1500 अंशाला 2 तास, चढ एकदम हळू, डिस्कवर आकसण्याचा फॅक्टर 1.23 होता, तुकडा बरोब्बर तेवढाच आकसला, वाकला नाही, पाण्यात वजन करून घनता 6.04 ग्रॅम प्रति घन सेमी, शाईचा डागसुद्धा ओल्या फडक्याने पुसला गेला, म्हणजे छिद्रं नाहीत. स्वस्त डायमंड प्लेटच्या नादी लागू नका, दाणे सुटतात आणि तेच पुढच्या पॉलिशला ओरखडे पाडतात.

आता सगळे तुकडे आधी कोपरा कापून, भाजून, टॉर्चवर तपासायचे असं ठरवलं होतं, पण लिहिता लिहिता आठवलं की 3वाय दमट उष्णतेत हळूहळू मोनोक्लिनिक होतं, 5वायला त्याचा फारसा त्रास नाही. डेंटलवाले 134 अंशाच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात) हेच तपासतात. आपला कुकर 120 पर्यंत जातोच की! मग सुरी गरम पाण्यात धुवायची की नाही तेही कळेल. दोन्ही ब्लेड आधी कुकरमध्ये, कोपरे नंतर. घरचा कुकर द्यायला बायको तयार नाही, जुना 3 लिटरचा बघतोय, शिट्टी धड असलेला कोणाकडे पडून असेल तर सांगा.