काकू, यात समुद्र कुठाय?

सोसायटीतल्या सात मुलांना जलचक्र शिकवायला बसले तेव्हा ते सगळ्यांना तोंडपाठ होतं. सूर्य, समुद्र, ढग, पाऊस आणि बाण. मी काचेची मोठी बरणी पुढे ठेवून म्हटलं, "आता हेच यात करूया." चौथीतली एकजण म्हणाली, "काकू, पण यात समुद्र कुठाय?"

मला तो प्रश्न फार आवडला. अरबी समुद्रावरचे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्री चढताना गार होतात, घाटात पाऊस पडतो आणि पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला ही पुण्याजवळची धरणं भरतात. आपल्या नळाला तेच पाणी येतं. पण ओली माती आणि झाडांची पानंही हवेत वाफ सोडतात, ते मुलांच्या एकाही चित्रात नव्हतं.

ऑगस्टमधला पहिला प्रयत्न फसला. तळाला दोन बोटं बारीक खडी, त्यावर इस्त्रीवाल्या काकांकडच्या लोणारी कोळशाचा चुरा, मग माती, नेचे आणि कंपाउंडच्या भिंतीवरचं शेवाळं. इथवर ठीक होतं. मग मुलांनी तांब्याभर पाणी ओतलं आणि मी बरणी पश्चिमेच्या गॅलरीत उन्हात ठेवली. बंद काच आतून तापते. चार दिवसांत नेचे शिजल्यासारखे लुळे पडले, मागोमाग बुरशी आली. मुलं हिरमुसली, मलाही फार वाईट वाटलं.

सप्टेंबरमध्ये पुन्हा मांडलं. या वेळी पाणी फवारून, मुठीत दाबली तर मातीचा गोळा व्हावा पण थेंब गळू नये इतकंच. जागा खिडकीजवळची, थेट ऊन न येणारी. रात्री काच गार झाली आणि सकाळी ती थेंबांनी भरली होती.

एक मुलगा मात्र मानेना. "फ्रिजमधल्या बाटलीला बाहेरच्या हवेतलं पाणी लागतं, तसंच हे." शंका रास्त होती. त्याने बोट फिरवून पाहिलं, काच बाहेरून कोरडी. तरी म्हणाला, "झाकणातून शिरत असेल."

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. बंद बरणी १,७१२ ग्रॅम. शेजारी तशीच दुसरी, बिनझाकणाची. आठवडाभर रोज संध्याकाळी मुलांनी दोन्ही तोलल्या. उघडी ४१ ग्रॅमनी हलकी झाली, बंद बरणीचा आकडा जागचा हलला नाही. "म्हणजे पाणी आतल्या आतच फिरतंय," तोच मुलगा म्हणाला. बाष्पीभवन आणि सांद्रीभवन हे शब्द मी तेव्हा कुठे उच्चारले. आधी सांगितले असते तर मुलांनी ते पाठ करून विषय संपवला असता.

ऑक्टोबरात नेच्याला नवं पान फुटलं. वजन तेवढंच. "पान वाढलं, मग वजन का नाही वाढलं?" पुन्हा तीच मुलगी. तो अख्खा रविवार त्यात गेला: पान बरणीतल्याच पाण्यातून, हवेतून आणि मातीतून घडलं, बाहेरून काहीच आलं नाही. संध्याकाळी तिने नवं चित्र काढलं. त्यात समुद्र नव्हता. मातीतून निघालेला एक बाण पानाच्या आत जाऊन थांबला होता.