तुम्ही विचारलंत म्हणून: वर्षाला हातात किती?

"पण वर्षाला हातात किती पडतात, ते सांग ना!" लग्नाच्या पंगतीत मामी विचारते, माझ्यासारखं अनुवादात उतरू पाहणारी मुलं फोनवर विचारतात, आणि मी "बरं चाललंय" म्हटलं की दोघांचाही समज होतो की ही लपवतेय. लपवत नाही हो. एकदा आकडा सांगून बसले होते.

2022 च्या मार्चमध्ये बाबांनी हेच विचारलं. फ्लॅटचं कर्ज घ्यायचं होतं, ते सहकर्जदार होणार होते. मी वहीवर हिशोब मांडला: दिवसाला 2,250 शब्द, कामाचे 240 दिवस, शब्दाला सरासरी दीड रुपया. 8,10,000. "आठ लाख धरा," मी म्हटलं. नोकरी सोडल्याबद्दल चार वर्षं ऐकून घेतलं होतं, त्यामुळे 'आठ'वर जरा जोरच दिला. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात काढलेला माणूस, त्यांनी लगेच बाराने भागून डायरीत लिहिलं: 66,666. 24,000 चा हप्ता त्यात सहज बसत होता.

आता गंमत बघा. त्या वर्षी मी बिलं केली 8,12,000 ची. अंदाज फक्त दोन हजारांनी चुकला, तोही माझ्याच बाजूने. त्यामुळे मी थाप मारली होती असं कुणी म्हणू नये. म्हणजे मीच स्वतःला ते अधूनमधून म्हणते, इतरांनी म्हणू नये.

31 मार्चला त्यातले 2,20,000 यायचे होते. काम देणाऱ्या एजन्सी पैसे द्यायचे 45 दिवस बिलाच्या तारखेपासून नव्हे, महिना संपल्यापासून मोजतात, आणि पंचेचाळिसाव्या दिवशी अकाउंट्सवाली बाई रजेवर असते. छोट्या व्यवसायांची सरकारी 'उद्यम' नोंदणी आहे, थकलेल्या बिलांची सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते, हे मलाही माहीत आहे. करत नाही, कारण पुढचं काम त्याच एजन्सीकडून हवं असतं. उरले 5,92,000. त्यावर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर, 57,000. तो पैसा माझाच, कारण सगळ्या वजावटी धरून करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत येत होतं आणि कर शून्य. पण परतावा पुढच्या सप्टेंबरात. मग तो कुठल्या वर्षाच्या कमाईत धरायचा, सांगा! शिवाय एका कंपनीने आठ हजार कापले ते सरकारकडे भरलेच नाहीत, त्यामुळे ते माझ्या 26एएस मध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या सरकारी नोंदीत, कधी दिसलेच नाहीत. कायदा म्हणतो, कापलेला कर माझ्याकडून पुन्हा मागता येत नाही. बरोबर आहे, मागत नाही कुणी. परतही देत नाही कुणी.

सॉफ्टवेअरचं लायसन्स, इंटरनेट, सीएची फी, आरोग्य विमा, मध्येच गेलेला लॅपटॉपचा मदरबोर्ड हे सगळं मिळून 91,000. तरी माझ्या एक्सेलमध्ये वर्षअखेरीला 5,19,000 उरलेले दिसत होते. आठ नाहीत, पण पाचाच्या वर आहेत, या आनंदात मी जुलैमध्ये सीएकडे गेले.

त्याने बँकेचं स्टेटमेंट माझ्याकडे फिरवलं. "ताई, या तीन रोख जमा कुणाच्या? ऑगस्ट, डिसेंबर, फेब्रुवारी. पंचवीस-पंचवीस हजार, सातारा शाखा." मी म्हटलं, प्रेसवाल्या काकांच्या असतील, ते खात्यात रोखच भरतात. त्याने बिलं बघितली. प्रेसचं वर्षभराचं काम 22,000 चं होतं आणि ते पैसे वेगळे, आधीच येऊन गेले होते.

साताऱ्यात मला पैसे भरणारं दुसरं कोण आहे, हे कळायला खरं तर एक सेकंद पुरायला हवा होता. मी मात्र शेजारी बसलेल्या दोन लोकांसमोर मोबाइलमध्ये जुने मेल चाळत राहिले. ऑगस्टचा हप्ता बाउन्स झाला होता. तो मेसेज सहकर्जदारालाही जातो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नंतर दोनदा हप्त्याच्या आदल्या दिवशी बाबांनी फोन करून "काम कसं आहे?" विचारलं होतं. मी म्हटलं होतं, खूप आहे. खरंच खूप होतं.

म्हणजे बाबांची पेन्शन मी माझी कमाई म्हणून मोजली होती. ती वजा केली तर 4,44,000. महिन्याला 37,000, हप्ता जाऊन 13,000. सीएने शांतपणे लिहिलं: वडिलांकडून भेट, करमुक्त. बाबा म्हणतात, भेट कसली, उसने आहेत, सावकाश दे.

त्या वर्षी आठ सांगायला नको होतं का? मग किती सांगायचं? पाच म्हटलं असतं तर कर्जाचं नावच निघालं नसतं, आणि आज हे घर नसतं. आता मुलांना सांगते, बिलांच्या निम्मं धरा. कधीकधी तेही जास्त वाटतं. मागच्या वर्षी मात्र सत्तर टक्के हातात आले, तेव्हा तोही नियम म्हणून मिरवत नाही.

उसन्यातले पन्नास हजार फेडलेत. उरलेले पंचवीस यंदाच्या खर्चात धरू की त्या वर्षाच्या, ते ठरत नाहीये. आणि यंदाचा आकडा विचाराल, मामी, तर अकरा बिलं अजून बाहेर आहेत.