अँटिबायोटिक का देत नाहीयेत?

लहान मुलांच्या वॉर्डात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. अहो, कारण ते व्हायरसवर चालतच नाही, आणि वर्षाच्या आतलं बाळ ब्राँकिओलायटिसने, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांना सूज येऊन ॲडमिट असेल तर त्यामागे बहुतेक वेळा आरएसव्ही नावाचा श्वसनमार्गाचा व्हायरसच असतो. मोठ्यांना नुसती सर्दी होते पण बाळाच्या श्वासनळ्या इतक्या बारीक की जराशी सूज अन् चिकट कफ झाला की श्वास घ्यायलाच जड जातं, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांखाली खड्डा पडतो, दूध पिता पिता मध्येच सोडून रडतं. मग ट्रीटमेंट काय तर ऑक्सिजन, नाक सक्शनने साफ करणं, नळीने दूध नाहीतर सलाईन, बस. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास वाढतो बरं का, तेव्हा काल बरं होतं म्हणून डॉक्टरांवर चिडू नका. चिडायचंच तर भेटायला येणाऱ्यांवर चिडा!! हा व्हायरस पाळण्याच्या कठड्यावर काही तास टिकतो, लोक तिथे हात ठेवतात आणि तोच हात बाळाच्या गालाला लावतात, मला तर फार राग येतो. या व्हायरसपासून बचाव करणारं निर्सेव्हिमॅब नावाचं अँटिबॉडीचं (व्हायरसला अडवणाऱ्या प्रथिनाचं) इंजेक्शन २०२२ मध्ये युरोपात मंजूर झालंय, एकच डोस, पण ते आजारी पडायच्या आधी द्यायचं असतं.